पूर्वेचा घाट आणि माझे तीन अहवाल

पाणी हिरवं झालं की माणसं दोनच कामं करतात. नाक दाबतात, नाहीतर शेजाऱ्याला शिव्या देतात. त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बघावा असं कुणाच्याही मनात येत नाही. ते काम माझ्याकडं आहे. आणीबाणी उठली त्या वर्षी मी नाशिकच्या एका सरकारी पाणी-प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले, आणि गेली दहा वर्षं धरणाचं, तळ्याचं, टाकीचं पाणी काचेवर घेऊन त्यात कोण कोण राहतं याची खानेसुमारी करते आहे. खात्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर मेमो येईल, आणि माझ्या कपाटात मेमोंना आता जागा उरलेली नाही.

बाई चळवळीतली आहे, खणखणीत काहीतरी लिहील, असं संपादकांना वाटलं असणार. लिहीन की. सोळाव्या वर्षापासून पत्रकं लिहिते आहे. खळीचा डबा आणि कुंचा घेऊन नाशिकरोडची एक भिंत मी सोडलेली नाही. 'जाहीर निषेध' हे दोन शब्द मला झोपेतून उठवलं तरी लिहिता येतात. पण या लेखातला निषेध थोडा माझ्या स्वतःवरही आहे. तो मी लिहिते आहे, तुम्ही मुकाट्यानं वाचा.

आधी धंदा समजून घ्या, म्हणजे पुढचं भांडण कळेल.

कुठल्याही साठलेल्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी वनस्पती तरंगत असते. पुस्तकात तिला वनस्पतीप्लवक म्हणतात, आम्ही नुसतं प्लवक म्हणतो, गावात शेवाळ म्हणतात. मुळं नाहीत, पानं नाहीत. काही काचेच्या पेट्यांसारखी, काही हिरव्या माळांसारखी, काही नुसते ठिपके. पिकाला जे लागतं तेच त्यांना लागतं: ऊन आणि खत. मासे शेवटी त्यांच्याच जिवावर जगतात, त्यामुळं प्लवक म्हणजे घाण नव्हे. पण उन्हाळ्यात पाणी आटलं, शेणखताचा आणि युरियाचा ओघळ त्यात आला, वर कडक ऊन पडलं, की त्यातली एक जात माजते. निळं-हिरवं शेवाळ. त्याच्या पेशींत हवेचे बारीक फुगे असतात, म्हणून ते साईसारखं वर येतं. तवंग बघून वाटतं, कुणी हिरवा ऑइलपेंट ओतला. प्यायलं तर जनावरं आजारी पडतात, माणसांची पोटं बिघडतात, आणि वास असा येतो की डुक्करही वाट बदलेल.

एकदा पंचवटीतले एक निवृत्त हेडमास्तर बाटली घेऊन प्रयोगशाळेत आले. आत तीर्थ. यात्रेहून आणलेलं, बूच लावलेलं, आणि आता हिरवंगार.

"ताई, हे काय आहे ते शास्त्रीय दृष्ट्या सांगा. सौ. म्हणतात चमत्कार आहे. मेहुणा म्हणतो भेसळ आहे."

"बाटली ठेवली होती कुठं?"

"खिडकीत. पूर्वाभिमुख. रोज सूर्यकिरण पडावेत म्हणून."

मी त्यांना सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. बराच वेळ डोळा काढेनात. मग म्हणाले, "म्हणजे मी वर्षभर यांना सांभाळलं!" त्यांना म्हटलं, मास्तर, अंधाऱ्या कपाटात ठेवा, सांभाळणं बंद होईल. ते खूश होऊन गेले. भेसळ नाही एवढंच त्यांना हवं होतं. मेहुण्याला तोंड दाखवायचं होतं.

असे लोक आवडतात मला. बाटली भरली कुठं, ठेवली कुठं, किती दिवस, सगळं सांगतात. आमच्या खात्यात मात्र हे कुणी विचारत नव्हतं. मीही विचारत नव्हते. इथून माझी गोष्ट सुरू होते.

विंचूरच्या अलीकडं एक गाव आहे. त्याचंही नाव देत नाही, कारण या गोष्टीतली माणसं अजून तिथंच राहतात. चारी बाजूंना द्राक्षबागा, मध्ये जुनं दगडी तळं. तळ्याला दोन घाट. पश्चिमेचा बांधलेला, पायऱ्यांचा, शेजारी विहीर, तो गावाचा. पूर्वेला नुसते चार धोंडे टाकलेले. तो आमच्या लोकांचा, म्हणजे बौद्धवस्तीचा. कायद्यानं तळं सगळ्यांचं, विहीर सगळ्यांची. घाटांवर तो कायदा अजून पोचला नव्हता. कुणी मारहाण करत नव्हतं, कुणी पाटी लावलेली नव्हती. "तुमचं तिकडं हाय ना," एवढंच म्हणायचे. हसून म्हणायचे. या हसून म्हणण्याविरुद्ध मी आयुष्यात किती पत्रकं काढली असतील!

या तळ्याच्या पाण्याचा नमुना दर उन्हाळ्यात आमच्याकडं यायचा. आणायला सखाराममामा, आमचे नमुने गोळा करणारे शिपाई. जीप थांबायची पश्चिमेला, कारण रस्ता तिथपर्यंतच. मामा पायऱ्या उतरून बाटली भरायचे, सरपंचांकडं चहा घ्यायचे आणि परत यायचे. तळ्याला वळसा घालून पूर्वेला जायचं तर काट्याकुट्यातून अर्धा तास चालणं. आणि जायचं कशाला? पाणी एकच ना? बाटली आली की मी त्यात आयोडीनचे थेंब टाकायची, रात्रभर निवळू द्यायची, तळाचा साका चौकटी आखलेल्या काचेवर घ्यायची आणि मोजायची. तीन उन्हाळे मोजलं. तीनदा लिहिलं: 'वनस्पतीप्लवक अल्प. पाणी निर्दोष.' अक्षर माझं, आकडे माझे, खाली साहेबांची सही.

मग चौथ्या वर्षी, वैशाखात, एक बाई प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. पन्नाशीची, डोक्यावर पदर, हातात शर्टाच्या कापडात गुंडाळलेली बाटली. आत हिरवा खरवस असावा तसलं पाणी.

"गायकवाड बाई कोण?"

"मी."

"जय भीम."

"जय भीम, मावशी. या, बसा."

"बसाया नाय आले. तूच का आमचं पाणी चांगलं म्हणून लिवती?"

मी काही बोलायच्या आत तिनं बाटली टेबलावर आपटली. "घे. पी. चांगलं हाय ना? पी मग."

ती कौसाबाई. तिचा नवरा नामदेव तळ्यात मासेमारी करायचा. तळ्याचा ठेका त्यानं रीतसर घेतलेला होता, आणि वस्तीतल्या माणसानं ठेका घ्यावा हे गावात बऱ्याच जणांच्या घशाखाली उतरलेलं नव्हतं. सोमवारी सकाळी तळ्यातले मासे मरून वर आले होते. पांढरी पोटं वर करून, पूर्वेच्या काठाला खच. गावात एकच बोलणं: नामदेवनं एंड्रिन टाकून मासे धरले. हे काही हवेतलं नव्हतं. बागांवर फवारायला आणलेलं हे जहाल कीटकनाशक टाकून मासे मारायचा आळशी धंदा त्या वर्षांत पुष्कळ ठिकाणी चालायचा.

"आन् सरपंच काय म्हणतो ठावं हाय?" कौसाबाई म्हणाली. "म्हणतो, सरकारनं तीन साल लिवून दिलंय पाणी चांगलं. मंग आत्ताच कसं इख झालं? कुणीतरी टाकलंच आसंल. तुझे कागद दावतो आमाला. रविवारी सभा हाय. मालकावर फिर्याद देणार, आन् आमचा घाट कायमचा बंद."

आपल्या माणसांच्या विरुद्ध पुरावा म्हणून माझं स्वतःचं अक्षर! चळवळीतल्या माणसाला याहून मोठी थोबाडीत नाही.

मी काय केलं? जे येत होतं ते केलं. पत्रक काढलं. 'तळ्यात विष कुणी कालवलं? सरपंचांनी जाब द्यावा!' सायक्लोस्टाइल करून बुधवारच्या बाजारात वाटलं. कटकारस्थान, जातदांडगे, नरडीचा घोट, सगळं होतं त्यात. आमचे प्रमुख, दाते साहेब, मितभाषी माणूस. त्यांच्या हातात ते पडलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"गायकवाड, यात एकही मोजमाप नाही."

"साहेब, हे पत्रक आहे."

"तेच म्हणतोय. बाई बाटली घेऊन आली होती. बाटली बघितलीत का?"

बाटली टेबलावर तशीच होती. मी बघितली नव्हती. संतापात वेळच झाला नव्हता.

गुरुवारी पत्रकाचं उत्तर आलं. गावानं पूर्वेच्या घाटावर बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलं. सभेत जे ठरायचं ते माझ्या पत्रकानं तीन दिवस आधीच घडवून आणलं. वस्तीतल्या बायका दोन मैलांवरून ओढ्याच्या झिऱ्याचं पाणी आणायला लागल्या. हे मी लपवत नाही.

मग एकदाची मी तोंड बंद करून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. निळं-हिरवं शेवाळच, पण जिवंत दिसेना. एरवी त्याचे पुंजके गच्च असतात, खसखस चिकटवलेल्या लाडवासारखे. हे पुंजके फुटलेले, फिके, लगदा झालेले. आणि हे एवढं शेवाळ एका दिवसात होत नाही. महिनाभर साचत आलेलं असणार. यंदा एवढं, तर आधीच्या तीन उन्हाळ्यांतल्या माझ्या 'अल्प'ला काय अर्थ होता?

शुक्रवारी रजा टाकून एस.टी.नं गावाला गेले. सखाराममामाही स्वतःच्या खर्चानं बरोबर आले. "मलाबी बघू दे मी काय भरत होतो," म्हणाले. दुपारी पश्चिमेच्या पायऱ्यांवर उभी राहिले तर पाठीवर वारा. उन्हाळ्यात आपल्याकडं दुपारचा वारा पश्चिमेचा. समोरचं पाणी स्वच्छ, तळाचे दगड दिसत होते. वळसा घालून पूर्वेला गेलो. तिथं पाणी नव्हतंच, हिरव्या-पिवळ्या लगद्याचा थर होता. वाऱ्यानं सगळ्या तळ्याची साय गोळा करून वस्तीच्या दारात आणून टाकलेली. दर उन्हाळ्यात, दर दुपारी, वर्षानुवर्षं. गावानं आपल्या घाटावर उभं राहून म्हणायचं, तिकडची माणसंच घाण करतात. आणि सरकारनं गावाच्या घाटावर बाटली भरून म्हणायचं, घाण नाहीच.

मामा खाली बसले. "बाई, ह्यो अर्ध्या तासाचा रस्ता मी चाललो असतो तर?"

"आणि मी एकदा विचारलं असतं तर, मामा?"

कुंपणाच्या अलीकडं नामदेव बसला होता. कौसाबाईच बोलत होती. तिला विचारलं, मासे मरायच्या आधी तळ्यात काय काय झालं, सगळं सांग.

"काय व्हायचं? शनवारी जत्रा व्हती. त्याच्या आदी बेस्तरवारी आण्णांनी मोरचूद फिरवलं. लय उपकार झाले बाई, दोन दिवसांत समदी घाण बसली. जत्रंला पाणी कसं आरशावानी दिसत व्हतं!"

"मोरचूद? किती?"

"आता किती ते आण्णा जाणं. दोन पोती भरून पिंपाच्या तराफ्याला बांधली आन् वढत फिरले दिसभर."

मी मामांकडं बघितलं. मामांनी माझ्याकडं.

द्राक्षवाल्यांना मोरचूद काय आहे हे बाहेरच्यांना कळायचं नाही. वेलीवर केवडा, करपा असली बुरशी आली, की हे निळे खडे आणि चुना कालवून फवारायचं. मोरचुदानं बाग वाचते, बागेनं घर वाचतं. त्या गावात हिरवं, बुरशीदार, चिकट असं काहीही दिसलं की हात मोरचुदाकडंच जाणार. रंगनाथअण्णा गावातले जुने बागाईतदार, सरपंचांचे चुलते. त्यांनी दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर, पदरच्या पैशानं, जत्रेला आलेल्या पाहुण्यांनी नाक दाबू नये म्हणून हे केलं. शेवाळ मोरचुदानं मरतंही, आम्हीसुद्धा कधीकधी तेच वापरतो, पण तोळामासा मोजून, थोड्या थोड्या भागात, आणि साय धरायच्या आधी. अण्णांनी माप वेलीचं घेतलं आणि टाकलं तळ्याला. एका दिवसात सगळं शेवाळ मेलं, तळाला बसलं, आणि कुजून फुगत पुन्हा वर यायला लागलं. कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपतो. माशांनी काय करायचं?

आणि हे इतकं उघड्यावर झालेलं होतं की 'तळ्यात कुणी काही टाकलं का?' असं पोलीस पाटील विचारत फिरले, तेव्हा अख्खं गाव अगदी मनापासून म्हणालं, की नामदेवशिवाय कुणी नाही. अण्णा स्वतःसुद्धा. देवळाला कुणी चुना लावला तर त्याला 'भिंत खराब केली' असं कोण म्हणतं? नामदेवच्या घरातसुद्धा ते उपकारच होते.

"पण मावशी, एंड्रिन नव्हतं हे मला दाखवायला लागेल," मी म्हटलं. "आमच्या प्रयोगशाळेत त्याची तपासणी होत नाही."

तेव्हा नामदेव पहिल्यांदा बोलला. "मरळ मेल्या नाहीत."

"म्हणजे?"

"रोहू मेला, कटला मेला, समदा मासा मेला. मरळ एकबी नाय मेली. एंड्रिनमधी मरळ पयली उलटती, ती तळाला आसती. म्या चार दिस तेच सांगतोय. ऐकतंय कोण?"

मरळ हा मासा पाण्याबाहेर तोंड काढून हवेतून श्वास घेतो. पाण्यातला प्राणवायू संपला तरी तो तगतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. ते खरं असतं हे मला त्या दिवशी काठावर बसलेल्या, आरोपी ठरवलेल्या माणसानं शिकवलं.

रविवारी सकाळी देवळाच्या पारावर सभा भरली. दाते साहेब आले होते. मी बोलावलं नव्हतं. कडक इस्त्रीचा सदरा घालून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. वस्तीतली माणसं रिवाजाप्रमाणं लांब, उन्हात. सरपंचांनी माझे तीन कागद गावाला दाखवले.

"हे अक्षर तुमचं ना, बाई?"

"माझं."

"पाणी निर्दोष, असं तुम्हीच लिहिलंय?"

"मीच. आणि ते चूक आहे."

कुजबुज झाली. सरपंच हसले. "मग तुमचं कोणतं खरं धरायचं? कागद खोटा, का पत्रक खोटं?"

"दोन्ही खोटी. कागद लिहिला तेव्हा बाटली कुठं भरली ते मी विचारलं नाही. पत्रक लिहिलं तेव्हा बाटली बघितली नाही. पत्रकात तुमच्यावर कटाचा आरोप केला, तो मी परत घेते. आता बाटली तुम्हीच भरा."

जाहीर सभेत आरोप परत घेणं मी त्याआधी कधी केलं नव्हतं. पण त्यानंतर लोक ऐकायला लागले, हेही खरं.

पोलीस पाटील दोन बाटल्या घेऊन गेले, एक पश्चिमेची, एक पूर्वेची. कुंपण ओलांडायला त्यांनाच त्यातली एक फांदी बाजूला करावी लागली. बूच कसं लावायचं, हवा कशी राहू द्यायची नाही, ते मी शिकवून पाठवलं होतं. बाटल्या पारावर ठेवल्या. मी दोन्हीत सारखीच दोन द्रावणं टाकली आणि पोलीस पाटलांनाच हलवायला दिली.

"जादूचे प्रयोग का काय?" मागून कुणीतरी म्हातारा.

"जादू असती तर तिकीट लावलं असतं, बाबा. बघा. पाण्यात श्वास असेल तर चहाच्या चोथ्यासारखं होईल. नसेल तर दह्यासारखं."

पश्चिमेची बाटली तपकिरी झाली. पूर्वेची पांढरी. पांढरीफेक. पोलीस पाटलांनी ती पुन्हा हलवली, जणू आपल्या हाताचाच दोष असावा. पांढरीच राहिली.

"हे एंड्रिननं होत नाही का?" सरपंच.

"एंड्रिन मासा मारतं. पाण्यातला श्वास खात नाही." मी वळले. "मावशी!"

कौसाबाई उन्हातून उठली. डोक्यावर घमेलं. सरळ पारापाशी आली आणि सरपंचांच्या पायाशी ठेवलं. आत हातभर लांब मरळ. तिनं शेपटी अशी मारली की सरपंचांच्या धोतरावर पाणी.

"पुसा मालक. तळ्यातलीच हाय. एंड्रिन प्यायलेली."

हसू फुटलं. गावच हसलं. पोलीस पाटील म्हणाले, "मरळ एंड्रिनमधी जगत नाय, हे तर खरं. आमीबी तसे धरलेत तरणेपणी." मग त्यांना आपण काय कबूल केलं ते कळलं आणि ते खोकायला लागले.

"मग श्वास खाल्ला कुणी?" सरपंचांनी विचारलं.

मी सांगितलं. खत, ऊन, साय, वारा, मेलेलं शेवाळ. कुणाचं नाव घेतलं नाही. शेवाळ एका दिवसात कसं मेलं ते सांगायच्या आधी थांबले. चार दिवसांपूर्वीची मी असते तर या क्षणासाठी ठेवणीतली विशेषणं काढली असती. गरज पडली नाही. पुढच्या ओळीतून रंगनाथअण्णा उठले. सत्तरीचे, हातात काठी.

"म्हणजे मोरचूद?"

मी मान डोलावली.

"म्या फिरवलं. समद्यांनी बघितलंय. पोरी, खरं सांग. म्या मारले का मासे?"

"अण्णा, तुम्ही शेवाळ मारलंत. मासे त्याच्या पाठोपाठ गेले. तुम्हाला हे सांगणं आमच्या खात्याचं काम होतं. तीन वर्षं आम्ही 'निर्दोष' लिहून गप्प बसलो."

अण्णा दोन पावलं पुढं आले. मग नामदेवकडं वळून, त्याच्याकडं न बघता म्हणाले, "नामदेवा, माज्यामुळं तुला चोर म्हणले रे." आणि काठी टेकत पारावरून उतरले, ते थेट तळ्याकडं. मागं माणसं. अण्णांनी एकट्यानं बाभळीच्या फांद्या ओढायला सुरुवात केली. सरपंच पुतण्या धावला तर त्याला म्हणाले, "लांब व्हय. तूच लावलंस ना?"

फिर्याद बारगळली. पण पोलीस पाटलांना फाइलला लावायला लेखी हवं होतं. "बाई, सरकारी भाषेत द्या. पत्रक नको." मी पारावर बसून खात्याच्या कागदावर तीन ओळी लिहिल्या. पहिली: मासे पाण्यातील प्राणवायूअभावी मृत झाले असून विषप्रयोगाचा पुरावा आढळत नाही. दुसरी: तळ्यात मोरचूद अथवा अन्य रसायन सल्ल्याशिवाय टाकू नये. मग पेन थांबलं. पूर्वेचं पाणी पाऊस पडेपर्यंत वापरण्यासारखं नव्हतंच, ते लिहिणं भागच होतं. पण नुसतं 'वापरू नये' लिहिलं असतं तर कुंपण काट्यांचं जाऊन कागदाचं झालं असतं. गावात खात्रीचं पाणी एकाच ठिकाणी होतं. पश्चिमेच्या घाटाशेजारच्या विहिरीत झिरपून, मातीतून गाळून आलेलं.

तिसरी ओळ लिहिली: 'पुढील अहवाल येईपर्यंत पूर्व घाटाचे पाणी वापरू नये, तेथील वापरकर्त्यांनी पश्चिम घाटालगतच्या सार्वजनिक विहिरीचे पाणी घ्यावे.'

दाते साहेबांनी ओळ वाचली. चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. पुन्हा वाचली.

"तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे," म्हणाले आणि सही केली.

त्याच संध्याकाळी कौसाबाई हंडा घेऊन तळ्याला वळसा घालून पश्चिमेच्या विहिरीवर गेली. मागं वस्तीतल्या सात-आठ बायका. विहिरीवर गावातली एक बाई पाणी शेंदत होती. ती म्हणाली, "अगं, तुमचं तिकडं..."

"तिकडचं सरकारनं बंद केलंय," कौसाबाई म्हणाली. "कागद हाय पाटलाकडं. वाचायचा तर वाच जा. सर जरा, दोर दे."

त्या बाईनं पोलीस पाटलांकडं बघितलं. पाटील तिथंच उभे होते, खिशावर हात ठेवून. त्यांनी मान हलवली. बाईनं दोर दिला. कौसाबाईनं पहिली घागर शेंदली, तेव्हा आवाज फक्त रहाटाचा होता.

मला त्या प्रकरणात मेमो मिळाला, परवानगीशिवाय खात्याचे आधीचे अहवाल चूक असल्याचं जाहीर केलं म्हणून. त्याच वर्षी आमच्या नोंदवहीत तीन नवे रकाने आखले गेले: नमुना कुठल्या काठाचा, किती वाजता, वारा कुठला. आज जिल्ह्यातल्या कुठल्याही तळ्याची बाटली या तीन गोष्टी लिहिल्याशिवाय आमच्या टेबलावर येत नाही. सखाराममामा निवृत्त होईपर्यंत प्रत्येक तळ्याला पुरा वळसा घालायचे. माझ्या शंभर पत्रकांपेक्षा या तीन रकान्यांचा मला अभिमान आहे, हे मी छाती पुढं काढून लिहिते. पत्रकं अजून काढते. आता त्यात मोजमाप असतं.

पाऊस झाला, तळं भरलं, नामदेवनं पुन्हा बीज सोडलं. मी दर उन्हाळ्यात जाते, दोन्ही काठांच्या बाटल्या स्वतः भरते. अण्णा आता खताचा ओघळ अडवायला बांधाला गवत लावतात. पूर्वेचं पाणी गेली तीन वर्षं चांगलं आहे, आकडे माझ्या वहीत आहेत, कुणीही येऊन बघावेत.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात दाते साहेबांनी मला बोलावलं. समोर जुनी फाइल.

"गायकवाड, या पूर्व घाटाचा 'पुढील अहवाल' दिसत नाही."

"तपासणी चालू आहे, साहेब."

"किती वर्षं चालेल?"

"वारा फार लहरी असतो, साहेब."

त्यांनी फाइल मिटून माझ्या हातात दिली. ती आता माझ्या कपाटात आहे. पश्चिमेच्या विहिरीवर सगळं गाव पाणी भरतं, आणि पूर्व घाटाचं पाणी वापरायला हरकत नाही असा कागद अजून कुणी लिहिलेला नाही.